खोडरबर कपाटात ठेवा

कोल्हापुरातल्या मुलाला फोटो एडिटिंग म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. शाळेच्या वाटेवर चौकाचौकांत ते टांगलेलंच असतं. वाढदिवसाचा फ्लेक्स. मधोमध गॉगल लावलेले सत्कारमूर्ती, पाठीमागे डरकाळी फोडणारा वाघ, वर सोनेरी फुगीर अक्षरांत 'नाद खुळा', खाली शुभेच्छुकांची दोन-तीन ओळी भरून तोंडं. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक तोंडाभोवती पांढरी कड दिसते. एकावर उजेड डावीकडून, दुसऱ्यावर उजवीकडून, आणि वाघावर भलतीकडूनच. मुलं हे सगळं डोळ्यांत भरून कॉम्प्युटर लॅबमध्ये येतात. पहिल्याच तासाला 'तुला हवं ते कर' म्हटलं की अर्ध्या वर्गाकडून फ्लेक्स येतो आणि उरलेल्या अर्ध्याकडून इन्स्टाग्रामची फ्रेम.

मुलांचं यात काही चुकत नाही. चुकतं ते 'हवं ते कर' असं सांगणाऱ्याचं. सॉफ्टवेअर समोर ठेवलं की कल्पकता आपोआप फुटेल, हा समज शाळांमध्ये फार पक्का आहे. माझ्या मते या सॉफ्टवेअरची वर्गातली खरी किंमत एकाच गोष्टीत आहे, ती म्हणजे मुलाला आपलं मत बदलता येतं. जलरंगाचा फटकारा कागदावर पडला की पडला. इथे आभाळ काळं करून बघता येतं, नको वाटलं तर बाजूला ठेवता येतं आणि पुढच्या आठवड्यात तेच परत काढता येतं. पण हे मुलाला सवयीनं जमत नाही. सवयीनं तो खोडरबर उचलतो, नको ते खरडून काढतो, सगळं एकत्र चिकटवणारी जेपीजी फाइल सेव्ह करतो आणि परतीचा रस्ता स्वतःच बंद करतो. म्हणून शिकवण्याचा क्रम इथूनच बदलावा लागतो. पहिल्या दिवशी खोडरबर, म्हणजे इरेझर टूल, वापरायचाच नाही.

त्याआधी थोडं यंत्राबद्दल. आपल्याकडच्या बहुतेक लॅबमध्ये चार जीबी रॅमची जुनी मशिन असतात आणि एका मशिनवर दोन-तीन मुलं. अशा ठिकाणी भाड्यानं मिळणाऱ्या महागड्या सॉफ्टवेअरचा विचारही करू नये, आणि चोरीची कॉपी तर शाळेत नकोच. गिंप हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मोकळ्या परवान्याचं आहे. स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या बर्कलेतल्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ते लिहायला घेतलं, ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. इंटरनेट बरं असेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी चालतं. त्यात फोटोशॉपची सवय असलेल्या शिक्षकाला घरच्यासारखं वाटतं, फक्त बाजूला जाहिराती असतात. ज्याला मुळात हातानं चित्र काढायचं आहे त्याला क्रिटा द्यावं. पुढचं सगळं मी गिंप धरून सांगतो आहे.

मशिन अडकण्याचं कारण बहुतेक वेळा फोटोचा आकार असतं. मोबाइलचा साधा बारा मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा. दर पिक्सेलला तीन बाइट धरले तर एकच लेयर, म्हणजे चित्राचा एक थर, ३६ एमबीच्या घरात जातो. दहा लेयर झाले, त्यात अनडूचा साठा धरला, की माउसचा बाण जागच्या जागी गोठतो. कामाला बसण्याआधी इमेज मेन्यूतल्या स्केल इमेजमध्ये लांब बाजू २००० पिक्सेल करावी. भार एकदम चौथ्या हिश्शावर येतो. उलट चूकही तितकीच होते: फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला असतो, त्यामुळे तो आधीच बारीक होऊन आणि चुरगळून आलेला असतो. त्यातला चेहरा कापून मोठा केला की आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन दिसायला लागतात. जेपीजी चित्र अशाच चौकोनांत तोडून दाबतं. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला लावला की हा प्रश्न मिटतो.

आता मास्क. हा एक विषय नीट पोचला तर वर्षाचं निम्मं काम झालं असं समजावं, म्हणून इथे घाई नको.

लेयर समजवायला कोल्हापुरात दाखला शोधावा लागत नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या चुलत भावांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, आणि पुढे बाबूरावांनी याच गावात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. रंगमंचावर सगळ्यात मागे राजवाड्याचा किंवा जंगलाचा रंगवलेला पडदा, त्याच्या पुढे विंगा, वर झालर, मधे पात्रं. मागचा पडदा बदलला म्हणून पात्राच्या अंगरख्याला काही होत नाही. लेयर तसेच एकामागे एक उभे असतात. मास्क म्हणजे पुढच्या पडद्याला पाडलेली खिडकी, आणि ती हवी तेव्हा बुजवता येते.

करायचं ते असं. खाली रंकाळ्याचा संध्याकाळचा फोटो, वर वर्गमित्राचा. वरच्या लेयरवर राइट क्लिक, अ‍ॅड लेयर मास्क, त्यात व्हाइट म्हणजे फुल ओपॅसिटी (सगळं पूर्ण दिसणारं) निवडायची. लेयरच्या छोट्या चित्राशेजारी एक पांढरा चौकोन येतो. कीबोर्डवरचं डी दाबलं की ब्रशचा पुढचा रंग काळा आणि मागचा पांढरा होतो. त्या पांढऱ्या चौकोनावर क्लिक करून काळ्या ब्रशनं मित्राच्या मागची भिंत रंगवायला घ्यायची. जिथं काळं लागेल तिथं भिंत नाहीशी होऊन रंकाळा दिसायला लागतो. चुकून कानावरून ब्रश फिरला तर एक्स दाबायचं, रंग अदलाबदल होऊन पांढरा पुढे येतो, आणि कान परत रंगवून घ्यायचा. फोटोतला एकही पिक्सेल मेलेला नसतो. शर्टाच्या कडेला ब्रशची हार्डनेस, म्हणजे काठाचा कडकपणा, ८० ते १००, केसांपाशी मऊ ब्रश आणि ओपॅसिटी तीसच्या आसपास. मधला करडा रंग वापरला तर वस्तू अर्धवट दिसते. काच, धूर, पाण्यातलं प्रतिबिंब हे सगळं त्या करड्यातून येतं, आणि हे एखाद्या मुलाला आपलं आपण सापडलं की त्या बाकावरचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो.

बिघडतं कुठे? "सर, काहीच होईना झालंय," ही हाक प्रत्येक तासाला येणार. नव्वद टक्के वेळा कारण तीनपैकी एक असतं. एक, कुठल्या तरी कोपऱ्यात आधीचं बारीकसं सिलेक्शन (निवडलेला भाग) राहिलेलं असतं आणि ब्रश त्याच्या बाहेर चालत नाही. शिफ्ट-कंट्रोल-ए दाबलं की सुटतं. दोन, भलताच लेयर निवडलेला असतो. तीन, मास्कऐवजी फोटोवरच क्लिक झालेलं असतं आणि मित्राच्या गालावर काळं फासलं जातं. यावर सगळा वर्ग हसतो. हसू द्यावं, कंट्रोल-झेड आहेच. गिंपच्या २.१० आवृत्तीत चौथं कारणही असतं. पेस्ट केलेलं चित्र 'फ्लोटिंग सिलेक्शन' म्हणून अधांतरी लोंबकळत राहतं आणि ते नव्या लेयरवर उतरवल्याशिवाय बाकी काहीच करू देत नाही. २०२५ मध्ये आलेल्या ३.० मध्ये पेस्ट सरळ नवा लेयर होऊन येतं. निदान एवढ्यासाठी तरी लॅबमधली आवृत्ती बदलून घ्यावी.

आणि ती फ्लेक्सवरची पांढरी कड. ती का येते हे मुलांना शोधायला लावावं. फोटोत वस्तूच्या काठावरचे पिक्सेल वस्तू आणि पाठीमागची भिंत या दोघांच्या मिसळीचे असतात. सिलेक्शन काठोकाठ केलं की भिंतीचा रंगही बरोबर येतो, आणि नव्या गडद पार्श्वभूमीवर तो चमकतो. उपाय साधा आहे: सिलेक्ट मेन्यूतून श्रिंक (निवड आत घेणं) एक-दोन पिक्सेल, मग फेदर (कड मऊ करणं) एक-दोन पिक्सेल, त्यानंतर मास्क. हे कळल्यावर मुलं दुसऱ्या दिवशी चौकातल्या फ्लेक्सवर टीका करत शाळेत येतात. कलासमीक्षा म्हणतात ती इथून सुरू झाली तरी माझी हरकत नाही.

पहिले दोनेक महिने टूल मोजकी ठेवावीत: क्रॉप, मूव्ह, ब्रश, फ्री सिलेक्ट आणि लेव्हल्स. फिल्टर्सचा मेन्यू बंद. फिल्टर वाईट नसतात, पण ते प्रश्न पडायच्या आधी उत्तर देतात. 'ऑइल पेंटिंग'चं बटण दाबलं की समोर काहीतरी भारी दिसतं आणि मुलाचा हात थांबतो. का भारी दिसतंय हे त्याला सांगता येत नाही, आणि शेजारच्या मशिनवरही अगदी तसंच दिसत असतं.

लेव्हल्स मात्र लवकर द्यावं. कलर्स मेन्यूत ते उघडलं की डोंगरासारखा आलेख दिसतो. डावीकडे काळा म्हणजे ०, उजवीकडे पांढरा म्हणजे २५५. पावसाळी दिवशी काढलेला पन्हाळ्याचा फोटो बघा, सगळा डोंगर मधेच दाटलेला असतो आणि दोन्ही बाजू रिकाम्या. डावा त्रिकोण डोंगराच्या पायथ्याशी, उजवा दुसऱ्या पायथ्याशी आणून ठेवला की धुकं विरतं. आता प्रश्न विचारायचा: विरायला हवं होतं का? पन्हाळ्यावर धुकं असतंच. काही मुलं त्रिकोण परत मागे नेतात. या निर्णयाला गुण द्यावेत, फोटो किती 'क्लिअर' झाला याला नव्हे.

रंगाच्या बाबतीत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणारी मुलं सुरुवातीला गोंधळतात. रंगपेटीत तांबडा आणि हिरवा मिसळला की मळका तपकिरी होतो. पडद्यावर तांबडा २५५ आणि हिरवा २५५ केला की झगझगीत पिवळा. रंग दोन प्रकारे मिसळतात. रंगपेटीत प्रत्येक रंग उजेड शोषून घेतो, पडद्यावर उजेडात उजेड भरला जातो. काळोख्या खोलीत दोन टॉर्चना तांबडा आणि हिरवा जिलेटिन कागद लावून भिंतीवर एकत्र पाडले की दोन मिनिटांत पटतं. त्या परीक्षांतलं संकल्पचित्र मात्र इथे फार उपयोगी पडतं. नक्षीची पुनरावृत्ती, समतोल, मोकळी जागा हे सगळं त्यांच्या हातात आधीपासून असतं.

त्यासाठी कोल्हापुरी चपलेसारखा विषय नाही. घरात एक जोड असतोच. चप्पल सावलीत, सपाट पाटावर ठेवायची. मोबाइल बरोबर वरून, जमिनीला समांतर धरायचा. अगदी जवळ न जाता थोडं वरून झूम करायचं, म्हणजे कडा वाकत नाहीत. वेणीचा किंवा कानाचा भाग निवडून १००० बाय १००० चा चौकोन क्रॉप करायचा. मग लेयर, ट्रान्सफॉर्म, ऑफसेट, आणि त्यात रुंदी-उंची निम्म्यानं सरकवायचं बटण. चौकोनाच्या चारही बाहेरच्या कडा आत येतात आणि मधोमध अधिक चिन्हासारखा सांधा दिसतो. हा सांधा क्लोन आणि हील टूलनं, म्हणजे चांगल्या जागेचा तुकडा उचलून, बुजवायचा. कंट्रोल धरून चांगल्या जागी क्लिक, मग सांध्यावर मऊ ब्रश. या वेळी बाहेरच्या कडांना हात लावायचा नाही, कारण त्या आता एकमेकींशी जुळलेल्या असतात. शेवटी फिल्टर्स, मॅप, टाइल, ३००० बाय ३०००. फिल्टरबंदीतला हा एकच अपवाद. नऊ चौकोन जोडून चामड्याचं अखंड कापड तयार.

पहिल्या फेरीत हे कापड बहुतेकांचं पट्ट्यापट्ट्यांचं होतं. फोटो काढताना एका बाजूनं खिडकीचा उजेड आलेला असतो. एका चौकोनात तो जाणवतही नाही, नऊ वेळा आला की लाटा दिसतात. दुसरी खोड म्हणजे एखादा चकाकणारा टिपका किंवा डाग. नऊ ठिकाणी तोच डाग दिसला की डोळा बाकी नक्षी सोडून डागच मोजत बसतो. मुलं परत मूळ चौकोनाकडे जातात, तो एक डाग काढतात आणि सगळं कापड शांत होतं. इथून पुढे मोकळं सोडावं. कुणी दर दुसरी उभी रांग निम्म्यानं खाली सरकवतं, कुणी रंग फिरवून जांभळं चामडं करतं, कुणी त्याच नक्षीची फरशी करून भवानी मंडपात पसरते. साचा सगळ्यांना एकच दिला होता, तरी चाळीस मुलांची चाळीस कापडं वेगळी निघतात.

जुन्या फोटोचा धडा याहून हळू चालतो, आणि मला तो जास्त आवडतो. घरातला एखादा कृष्णधवल फोटो काचेतून काढून, खिडकीजवळ, फ्लॅश न लावता, मोबाइल समांतर धरून टिपायचा. मूळ लेयरला हात लावायचा नाही. वर एक रिकामा पारदर्शक लेयर घेऊन, क्लोन टूलमध्ये सँपल मर्ज्डवर (सगळ्या लेयरमधून नमुना घेण्याची सोय) खूण करून, चिरा आणि घड्या त्या लेयरवर बुजवायच्या. त्याच्या वर आणखी एक रिकामा लेयर, मोड एचएसएल कलर, ओपॅसिटी चाळीसच्या आसपास, आणि रंग भरायला सुरुवात. तांबडा ब्रश घेऊन करडाच रंग उमटतो, अशी तक्रार हमखास येते. चित्र ग्रेस्केलमध्ये, म्हणजे फक्त करड्या छटांत, उघडलेलं असतं. इमेज, मोड, आरजीबी केलं की रंग दिसतो.

खरी गोष्ट त्याच्या पुढची. पणजीच्या नऊवारीचा रंग कोणता? फोटोत ती जवळजवळ काळी दिसते. पण जुन्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे, त्यामुळे कपाळावरचं कुंकूही काळं उमटे. म्हणजे लुगडं काळं नसून डाळिंबी असू शकतं. सॉफ्टवेअर याचं उत्तर देत नाही. मुलाला घरी जाऊन आजीला विचारावं लागतं, आणि आजी रंग सांगता सांगता ते लुगडं कुठल्या दुकानातनं, कुठल्या लग्नासाठी घेतलं तेही सांगते. मोबाइलमध्ये जुना फोटो एका बोटानं रंगीत करून देणारी अ‍ॅप आहेत. ती अंदाजानं रंग भरतात आणि अंदाज फार आत्मविश्वासानं मांडतात. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून दाखवावीत.

मराठी अक्षरांबाबत थोडक्यात. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर इथे चिकटवला की रोमन अक्षरांचा कचरा येतो, म्हणून युनिकोडच वापरायचं. मुक्त, बालू, तिरो देवनागरी मराठी हे फाँट फुकट मिळतात. गिंप जोडाक्षरं नीट दाखवतं. जुन्या फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडलं नसेल तर वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. इंग्रजी पोस्टर बघून मुलं अक्षरांत अंतर वाढवतात, आणि शिरोरेखा तुटून शब्दाचे तुकडे होतात. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. मोठं करायचं तर अक्षर मोठं करा, अंतर नको.

एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून कडक हवा. चित्रात जे मुळात नव्हतं ते घातलं, तर खाली 'जुळवलेलं चित्र' असं लिहायचं. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघालं की गावभर मोबाइलवर फोटो फिरायला लागतात, आणि त्यातला कुठला कालचा, कुठला कुठल्या गावचा याचा पत्ता नसतो. ज्या मुलानं स्वतः मास्क केलाय त्याला सावलीची दिशा तपासायला सुचतं, पाण्यावर क्लोनचा तोच ठिपका दोनदा दिसला की तो बोट ठेवतो. ही नजर पुस्तकातल्या धड्यानं येत नाही.

तपासायला जेपीजी घेऊ नये, गिंपची मूळ एक्ससीएफ फाइल घ्यावी. कंट्रोल-एस केलं की तीच सेव्ह होते. जेपीजी किंवा पीएनजीसाठी वेगळं एक्सपोर्ट करावं लागतं, आणि मुलं सुरुवातीला यावरून वैतागतात. पण एक्ससीएफमध्ये डोळ्याचं चिन्ह बंद केलेले लेयर दिसतात: करून बघितलेलं काळं आभाळ, नाकारलेला वाघ, तीन वेळा बदललेलं शीर्षक. चित्र साधं झालं असलं तरी मागे सात बंद लेयर असतील तर त्या मुलानं विचार केलाय. 'लेयर ०१ कॉपी कॉपी' अशी नावं मात्र चालवून घेऊ नयेत. 'आभाळ', 'मित्र', 'सावली' अशी सरळ मराठीत नावं द्यायला लावावीत.

सत्राच्या शेवटी फाइलींची अदलाबदल करावी. एकाची लेयर असलेली फाइल दुसऱ्याला द्यायची, आणि त्याला फक्त तीन गोष्टींची परवानगी: लेयर चालू-बंद करणं, क्रम बदलणं, मास्क रंगवणं. नवीन फोटो आणायचा नाही, काही पुसायचं नाही. त्याच सामानातून दुसरंच चित्र निघतं, आणि मूळ मालकाला ते बहुधा आवडत नाही. "ए, माझं वाट लावलंस की!" अशी भांडणं होतात. त्यासाठी वाटपाआधी प्रत्येक फाइलची नावासकट एक प्रत शिक्षकाच्या पेनड्राइव्हवर काढून ठेवावी, आणि तो पेनड्राइव्ह लॅबमधल्या दुसऱ्या कुठल्याही मशिनला लावू नये. व्हायरस तिथूनच येतो.